चार ते पाचचा तास

शिरूर,
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय क्रिस्टी,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम वि. वि.

आज सोमवार, तरी सकाळपासून मला आपले शनिवारचे बूट आठवताहेत. मिशनच्या आवारातल्या नळापाशी आपण दोघी उकिडव्या बसायचो. मी वाटीत खडू भिजवायची, तू चिंधीनं कॅनव्हासच्या बुटांना फासायचीस आणि मग चार बूट भिंतीवर ओळीनं वाळत पडायचे. तुझा डावा बूट कायम अर्धाच पांढरा, कारण मध्येच उठून तू कोंबड्यांमागे धावायचीस. आई दारातून म्हणायची, की उद्या देवळात देव काही बूट बघणार नाही, पण पाद्रीसाहेबांची बायको बघेल. एवढंच. त्या दिवशी दुसरं काही घडलं नव्हतं, म्हणूनच बहुधा लक्षात राहिलं.

औषधांनी तुझे कान गेल्यापासून फोन बिनकामाचा झालाय. तू हॅलो हॅलो करतेस, मी ओरडते आणि आमच्या गल्लीला आपल्या घरचं सगळं कळतं. म्हणून पुन्हा कागद-पेन घेतलं. शिरूरहून दौंडला पत्र जायला तीन दिवस लागतात. पायी गेलं तरी एवढे लागणार नाहीत.

तुझ्या ब्लेसननं मला कळवलं, की पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आता होणार नाही असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. तू हे मला स्वतः लिहिलं नाहीस. राग नाही. पण मी हात जोडून नुसती बसणार नाही.

काल उपासना संपल्यावर मंडळीतल्या बायकांना थांबवून घेतलं. परवाच्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत तुझ्यासाठी प्रार्थनेची साखळी धरायची ठरली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा बायका, प्रत्येकीचा रोज एक तास. सकाळी उठल्यापासून आपला तास संपेपर्यंत तोंडात पाण्याशिवाय काही घालायचं नाही. तास संपला की पुढचीला मिस कॉल द्यायचा. तिनं तो उचलायचा नाही, फक्त गुडघे टेकायचे. सकाळचे तास भराभर गेले, ते तू ओळखलंच असशील. शेवटचा, पाच ते सहा, मी घेतला. चार ते पाचचा कुणी घेईना.  शेवटी दाराजवळून गिताबाई उठली. तू तिला पाहिलं नसशील. निमोण्याहून येते, दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जाते. आठ वर्षांपूर्वी नवरा बन्सी आणि ती मंडळीत आली, त्याचा गुडघा कायम दुखतो. लिहिता-वाचता येत नाही, गाणीही नुसती ओठ हलवून म्हणते. पण इमानी आहे.

तू फक्त औषधं वेळेवर घे आणि विश्वास धर. आम्ही तुला सोडणार नाही.

भाऊजींचा तुला सलाम. ओढ आहे तशीच राहू दे.

तुझी,
राहेलताई


दौंड,
१९ फेब्रुवारी २०२४

प्रिय ताई,

स. स. वि. वि.

डावा बूट अर्धा राहायचा तो कोंबड्यांमुळे नाही, वाटीतला खडू तूच आधी संपवायचीस म्हणून. साठी उलटली तरी खोटी साक्ष देतेस.

तुझं पत्र ब्लेसननं आधी वाचलं आणि मग मला दिलं. कुरकुंभहून सकाळची पाळी करून आला होता, अंगाला कंपनीचा तो उग्र वास. मला कागदावर लिहून दाखवलं, की मावशीनं देवालाही शिफ्ट लावली, आता ओव्हरटाइम कोण देणार. मी हसले. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी हसलं. त्याचे पप्पा गेल्यापासून तो देवळात येत नाही, तुला ठाऊक आहे. पण तुझं पत्र त्यानं घडी घालून कपाटात ठेवलं, रद्दीत टाकलं नाही.

माझं म्हणशील तर पेज दोन चमचे जाते. अंगावरचे ब्लाउज आता खुर्शिदभाभी आत घेऊन देते. भाभी म्हणजे आमची शेजारीण, तीस वर्षांपासूनची. तिचे इनुसभाई आणि ब्लेसनचे पप्पा रेल्वेत एकाच शेडला होते. तिला तुमच्या साखळीचं सांगितलं. तिनं पाटीवर लिहून विचारलं, की तुमच्या बहिणीला शुगर आहे ना? आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ असतो, तुमच्यात नसतो का? उत्तर ताई देईल, असं मी तिला म्हटलं. तूच दे.

गंमत बघ, तिकडे बारा जणी माझ्यासाठी उपाशी, आणि इकडे मला जो येतो तो खा खा म्हणतो.

एक खरं सांगते, तुला आवडणार नाही. माझी प्रार्थना आटली आहे. डोळे मिटते आणि शब्द येत नाहीत. उन्हाळ्यात नळ सोडल्यावर नुसती हवा फुसफुसते, तसं. आधी कान गेले, आता हे. मग घड्याळाकडे बघते आणि म्हणते, आत्ता तिकडे कुणीतरी बसलं असेल. एवढंच काय ते माझं धरून राहणं. त्या बायकांना माझा सलाम सांग, आणि दाराजवळच्या बाईला आवर्जून सांग.

आणि ताई, तुम्ही नेमकं काय मागता आहात, ते मला लिही. गाठ विरघळावी, एवढंच का?

मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
क्रिस्टी


शिरूर,
४ मार्च २०२४

प्रिय क्रिस्टी,

स. स. वि. वि.

हो, एवढंच मागते. गाठ विरघळावी. त्याहून कमी मागायला मला शिकवलेलं नाही. आणि खुर्शिदभाभींना सांग, की माझी शुगर मला कळते.

काल एक वाईट गोष्ट झाली. लिहू की नको, असं वाटत होतं. पण तुझ्याच जिवाचा प्रश्न आहे, म्हणून लिहिते.

उपासनेनंतर मंडळीतल्या भागुबाईनं मला कोपऱ्यात घेतलं. ती आणि गिताबाई एकाच शेतात कांदा काढायला जातात. म्हणाली, बाई, तुमची साखळी भोकाची हाय. गेल्या मंगळवारी दुपारी एकलाच गिताबाई बांधावर बसून चहा पीत होती आणि दोन खाऱ्या खाल्ल्या, आपण डोळ्यांनी पाहिलं. आणि त्या दिवशीही चारचा तास तिनंच धरला, पाचला मला मिस कॉलही आला होता, वेळेवर!

मी सगळ्यांसमोर विचारलं. लपवाछपवी मला जमत नाही. गिताबाई उभी राहिली, पदर हातात धरून. म्हणाली, की उन्हात चक्कर आली, कांद्यावरच पडले. मालकिणीनं चहा दिला, खारी दिली, तिचं मन मोडवलं न्हाई. मग मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणते, तुम्ही इचारलं न्हाई. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मला ते सहन झालं नाही. इथे माझी बहीण एकेक चमचा पेजेवर आहे आणि यांना हसू येतं. मी तिथल्या तिथे यादीतून तिचं नाव खोडलं. ती चपला घालून निघून गेली.

आता चारपासून सहापर्यंत दोन्ही तास माझेच. शिवाय जे दिवस मोडले ते मी भरून काढते आहे. कसे, ते विचारू नकोस.

कपाटाच्या दारावर यादी लावली आहे, तिच्या नावावरची ती रेघ सारखी दिसते. पण क्रिस्टी, साखळीतली एक कडी गेली की पाणी काढायला सोडलेली बादली विहिरीतच राहते ना? मी चुकले का? नाही. मी चुकलेले नाही.

तब्येतीचं कळव. तुझ्या मायेवाचून मला कोण आहे.

तुझी,
राहेलताई


शिरूर,
७ मार्च २०२४

प्रिय क्रिस्टीना,

सप्रेम सलाम.

माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. तुझ्या ताईच्या नकळत लिहितो आहे. गोळ्या आणायच्या निमित्तानं बाहेर पडलो आणि औषधाच्या दुकानातल्या बाकड्यावर बसलो आहे. अडतीस वर्षं शाळेत मुलांच्या चिठ्ठ्या पकडल्या, आता स्वतः चोरून चिठ्ठी लिहितोय.

मंगळवारी तुझी ताई स्वयंपाकघरात पडली. मी पेपर वाचत होतो, भांड्याचा आवाज आला तर वाटलं मांजर असेल. जाऊन बघतो तर ओट्याखाली. घाम, हातपाय गार. शुगर पंचेचाळीस. मी तोंडात साखर कोंबली, पाणी पाजलं, दहा मिनिटांनी डोळे उघडले. तेव्हा मला कळलं, की संध्याकाळी सहानंतरसुद्धा ही बाई जेवत नव्हती. रविवारपासून नुसतं लिंबूपाणी. मला सांगायची, की तुम्हाला वाढायच्या आधीच मी खाल्लं. आणि मी येडा, विश्वास ठेवत होतो.

पण मी लिहितोय ते त्यासाठी नाही. शुद्धीवर आल्यावर ती रडायला लागली. पडल्याचं नाही, तोंडात साखर लागली म्हणून. उपास मोडला म्हणून. आणि म्हणाली, की पुन्हा तेच झालं, पुन्हा माझ्यामुळेच ती जाणार.

पुन्हा म्हणजे काय? मी विचारलं तर तोंड फिरवलं. लग्न झाल्यापासून बघतो, दर मे महिन्यात तीन दिवस ती अन्नाला शिवत नाही. मी समजत होतो, आईच्या आठवणीचं असेल. तुमची आई मेमध्येच गेली ना? दुष्काळाच्या साली? तुला काही माहीत असेल तर मला सांगू नकोस, तिला सांग. तिच्याशी बोलणारी तू एकच उरली आहेस.

तू आजारी आणि ओझं तुझ्याच डोक्यावर ठेवतो आहे. लाज वाटते. पण मी दुसऱ्या कुणाकडे जाऊ?

तुझा,
विल्यमभाऊजी


दौंड,
११ मार्च २०२४

प्रिय ताई,

स. स. वि. वि.

हे पत्र तीन दिवस लिहिते आहे. थोडं लिहिते आणि पडते. मध्ये अक्षर वाकडं झालं तर समजून घे. शाळेतल्या सिस्टरनी पाहिलं असतं तर हातावर पट्टी बसली असती.

तुझं गिताबाईचं पत्र वाचल्यापासून मला झोप नाही. पोटातल्या दुखण्यानं नाही, एका जुन्या गोष्टीनं. ती सांगते. मग तुला मला बहीण म्हणावंसं वाटलं तर म्हण.

मे १९७३. मी दहा वर्षांची, तू पंधराची. आपण होस्टेलवरून सुट्टीला घरी आलो तेव्हा आईचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. विहिरी आटल्या होत्या, दुष्काळी कामावर निम्मा तालुका खडी फोडत होता. पप्पांनी सांगितलं, की घरातल्या सगळ्यांनी तीन दिवस उपास करायचा, देव आपली आई परत देईल. लहान म्हणून मला सोडायला निघाले होते. मीच हट्ट केला, की मीपण करणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मिशनच्या गोडाउनमागे गेले. तिथे मजुरांना वाटायच्या सुकडीची, त्या गोड कोरड्या पिठाची, पोती होती. एक पोतं उसवलेलं होतं. ताई, मी मूठभर खाल्ली. मग आणखी एक मूठ. गोड होती, टाळूला चिकटत होती, पाणी नव्हतं तर थुंकी गिळून गिळून खाली ढकलली. आणि दिवेलागणीला आई गेली.

मी कुणाला सांगितलं नाही. ब्लेसनच्या पप्पांनासुद्धा नाही. एकावन्न वर्षं मी देवळात पहिल्या बाकावर बसले, बायकांना प्रार्थनेवर चार शब्द सांगितले आणि आत कायम एकच, की माझ्या दोन मुठींनी माझी आई गेली. गाठ झाली म्हणून कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? आलं, की चला, हिशेब झाला.

आता तू सांग. त्या दाराजवळच्या बाईचं नाव खोडलंस, तसं माझं खोडशील? तिला चक्कर आली होती. मला नुसती भूक लागली होती.

मी गेले तर तू म्हणशील, गिताबाईनं खारी खाल्ली म्हणून गेली. किंवा म्हणशील, आपण कमी पडलो. ताई, मला मरणाचं एवढं भय नाही जेवढं याचं आहे. माझ्यामागे तू पुन्हा एकावन्न वर्षं असं काही उरावर घेऊन बसशील. तेवढी वर्षं तुझ्याकडे नाहीत, पण जेवढी आहेत तेवढी.

मी बरी व्हावी, हे मागणं आता सोड. माझ्यासाठी दुसरं माग. देव अशा कुठल्या घासामुळे माणसं मारत नाही, एवढं तुला आणि मला मरायच्या आधी पटू दे, हे माग.

जमल्यास अजूनही मला आपली समज.

क्रिस्टी


शिरूर,
२१ मार्च २०२४

प्रिय क्रिस्टी, माझी लहान,

स. स. वि. वि.

पत्र गेल्या गुरुवारी मिळालं. सात दिवस उत्तर दिलं नाही. रागानं नाही. रोज पेन उचलायची आणि टोपण लावून ठेवून द्यायची.

मला माहीत होतं.

त्या दुपारी पप्पांनी मला, आईला ठेवलं होतं त्या दवाखान्यातून, घरी टॉवेल आणायला पाठवलं होतं. गोडाउनच्या कोपऱ्यावर तू उभी होतीस. हनुवटीला, फ्रॉकच्या गळ्याला सुकडीचा भुगा लागलेला. मी माझ्या फ्रॉकच्या टोकानं तुझं तोंड पुसलं. तुला वाटलं असेल, मी डोळे पुसते आहे. मला पप्पांना सांगायला हवं होतं. त्यांनी कदाचित उपास पुन्हा पहिल्यापासून धरायला लावला असता. पण ते तुला मारतील म्हणून मी गप्प बसले. आणि संध्याकाळी आई गेली.

तेव्हाच मी ठरवून टाकलं, की खाणारी दहा वर्षांची होती, तिला कळत नव्हतं. लपवणारीला कळत होतं. म्हणजे गुन्हा माझा. तेव्हापासून दर मेमध्ये तीन दिवस. लोक म्हणायचे, राहेलबाईंचा विश्वास किती मोठा. क्रिस्टी, तो विश्वास नव्हता. दंड भरत होते मी. देवाला तो हवा आहे का, हे मी एकदाही विचारलं नाही. भीती वाटायची, तो हो म्हणाला तर?

एकाच घरात वाढलो आपण, एकाच पलंगावर झोपलो. दोघींनी एकच दगड दोन बाजूंनी उचलून धरला आणि एकमेकींना दिसलो नाही.

परवा मी यष्टीनं निमोण्याला गेले. तुझ्या भाऊजींनी सोबत येतो म्हटलं, मी नको म्हटलं. गिताबाई शेतात होती, कांदे काढत ओळीनं पुढे सरकत होती. मला पाहून उठली नाही. म्हणाली, बसा की बांधावर, एवढी वळ हुंदे. मी अर्धा तास ऊन खात बसले. मग ती आली. मी माफी मागितली, आणि का मागते तेही सांगितलं, सुकडीसकट. तुझी गोष्ट तुला न विचारता सांगितली, मला क्षमा कर.

तिनं हातातलं मातीचं ढेकूळ फोडलं.  म्हणाली, बाई, नाव खोडलं तवा लई लागलं. तीन दिस देवाशी बी बोलले न्हाई. मंग वाटलं, ह्यो तास बाईंनी कुठं दिलता, म्या मागून घेतलता. बाईंच्यानं त्यो काढून कसा घेववंल? म्हणजे, क्रिस्टी, ते तीन दिवस सोडले तर ती थांबलीच नव्हती. इतके दिवस रोज चार ते पाच. मिस कॉल देत नव्हती एवढंच. चारची निमोण्याची यष्टी रस्त्यानं गेली की सुरुवात, सुट्टी झाली की आमेन. मी विचारलं, शेतात गुडघे कसे टेकतेस? तर म्हणाली, टेकलं तर मुकादम वरडतो, वाकल्यालीच असते की मी. आणि काय म्हणतेस? तर म्हणाली, मला परारथना म्हन्ता कुठं येती? धाकल्या बाईंचं नाव घ्येयाचं आन् कांदा उपटायचा. नाव घ्येयाचं आन् उपटायचा.

मला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेल्या सगळ्या प्रार्थना तिथे बांधावर आठवल्या आणि एकही तोंडातून निघाली नाही.

येत्या झावळ्यांच्या रविवारी मी मंडळीत उभी राहून माझी चूक सांगणार आहे. कपाटावरची यादी नवी लिहिली. भागुबाई म्हणते, एवढं कशाला, खाल्लं तर खाल्लं. तिला मी काही बोलले नाही, हा माझा या महिन्यातला सगळ्यात मोठा उपास.

एक मात्र राहिलं. निघताना गिताबाईनं फडक्यातली अर्धी भाकरी पुढे केली. सहा वाजून गेले होते, माझा तास मी तिच्याशेजारी बसूनच धरला होता. म्हणाली, खा, शुगर हाय तुम्हाला. मी हात पुढे केला, आणि जमलं नाही. घास तोंडाशी आला की आईचे पिवळे डोळे दिसतात. घरी गोळीबरोबर औषध म्हणून गिळते तेवढंच. डोक्याला सगळं कळलं, घशाला अजून कळत नाही.

तू आपली नाहीस असं मी कधी समजले असेन, तर तो दिवस मला दाखव.

तुझी, तुझीच,
ताई


दौंड,
२६ मार्च २०२४

प्रिय ताई,

स. स. वि. वि.

अक्षर ब्लेसनचं आहे, शब्द माझे. मला आता बसवत नाही. मी बोलते, तो लिहितो, आणि लिहिलेलं मला वाचायला दाखवतो, कारण त्याचा भरवसा नाही.

तुझं पत्र त्यानं मला तीनदा दाखवलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रडले, दुसऱ्यांदा झोपले. किती दिवसांनी अशी गाढ झोपले! तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र तुझा राग आला. पंधरा वर्षांच्या मुलीनं एवढं उचलायचं आणि बहिणीला सांगायचंही नाही? पण मीही तेच केलं, म्हणून राग सोडून दिला.

माझी प्रार्थना आटली असं लिहिलं होतं ना? आता मी गिताबाईसारखी करते. शब्द शोधत नाही. नाव घेते आणि श्वास सोडते. तुझं नाव, श्वास. ब्लेसनचं नाव, श्वास. आईचंही घेते. दुखणं तसंच आहे, गाठ तशीच आहे, डॉक्टरांनी आता दिवसांचं बोलायला सुरुवात केली आहे. मी बरी होणार नाही, ताई. पण मी एकटी नाही, हे मला असं आतून याआधी कधी कळलं नव्हतं, आईच्या मांडीवरसुद्धा नाही. आधी मला वाटायचं, मागितलं की मिळायला हवं, नाही मिळालं तर आपलंच काही चुकलं. आता वाटतं, मागत राहणं म्हणजे त्याच्या शेजारी बसून राहणं. मग उजाडो की मावळो.

म्हणून ईस्टरच्या आधी मी गेले तरी साखळी सोडू नका. शेवटचा दिवस पुरा करा. माझ्या जागी गिताबाईच्या बन्सीभाऊंचं नाव घाला, त्यांचा गुडघा दुखतो म्हणालीस मागे.

आता कामाचं. ब्लेसन म्हणतो, हे लिहिणार नाही. लिही म्हटलं, नाहीतर खुर्शिदभाभीकडून लिहून घेईन आणि तिचं मराठी तुलाच वाचावं लागेल.

मोठा कुकर खुर्शिदभाभीला. तिच्याची शिटी उडून वर्ष झालं, सांगत नाही. शिलाई मशीन महिला मंडळाला, पण भागुबाईच्या घरी ठेवायचं नाही. तिला माझ्याकडून काही नको, तिला बातम्या पुरतात. ब्लेसनच्या पप्पांचा रेल्वेचा जाड कोट विल्यमभाऊजींना. बाह्या लांब होतील, त्या आखूड करू नका, त्यांना हात आत ओढून बसायची सवय आहे. कानाचं यंत्र मला लागू पडलं नाही, कुणा गरजूला द्या. माझी रविवारची पांढरी साडी, मोरपंखी काठाची, गिताबाईला. तू स्वतः जाऊन दे, कुणाच्या हाती पाठवू नकोस, आणि मदत म्हणून देऊ नकोस. एका बाईनं दुसरीला द्यावी तशी दे. माझं पवित्र शास्त्र ब्लेसनला. तो उघडणार नाही, पण कपाटात ठेवेल. मला तेवढं चालेल, पुढचं देव बघेल.

माझ्यावरची माया तशीच राहू दे. मी जिथे असेन तिथे ती पोचेल.

तुझी,
क्रिस्टी

ता. क. सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. माझ्या मातीवरून परत आल्यावर आपल्या घरी चूल पेटणार नाही. कडू घासाचं जेवण खुर्शिदभाभी आणणार आहे, तिनं कबूल केलंय. तिचे रोजे चालू असतील, तिला चाखता येणार नाही, मीठ कमी-जास्त झालं तर बोलायचं नाही. ब्लेसन जेवणार नाही म्हणतो. आत्ताच सांगून ठेवतो आहे, लिहितानासुद्धा मान हलवतोय. पाळी करून आलेलं पोर, उपाशी राहील. तो तुझ्याकडे बघेल, ताई, आणि तू खाल्लंस तरच खाईल. म्हणून पहिला घास तुला. सगळ्यांच्या देखत, मोठा घे. मग त्याला दे, मग भाऊजींना, मग जो दारात असेल त्याला.